केनेडी-ख्रुश्चेव पत्रव्यवहार : शब्दयोजना आणि आख्यायिका

ऑक्टोबर १९६२ मधील क्यूबाच्या पेचप्रसंगाविषयी विपुल लेखन झाले आहे. तथापि त्या तेरा दिवसांत वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यामध्ये जी पत्रे गेली-आली, ती स्वतः सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचली. पोहोचली ती पत्रांविषयीची एक कथा. २६ ऑक्टोबर रोजी ख्रुश्चेव यांचे एक मवाळ व काहीसे भावनावश पत्र आले. दुसऱ्याच दिवशी मॉस्को नभोवाणीने दुसरे, अधिक कठोर पत्र प्रसारित केले व त्यात तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे हलविण्याची मागणी केली. केनेडी यांनी या दुसऱ्या पत्राकडे काणाडोळा करून पहिल्याला उत्तर धाडले आणि ख्रुश्चेव नमले, अशी ती कथा होय. रॉबर्ट केनेडी यांच्या मृत्यूनंतर १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘थर्टीन डेज’ या पुस्तकाने ती रूढ केली. तिला ‘ट्रोलपची युक्ती’ असे नावही मिळाले. साध्या हस्तस्पर्शाला विवाहाची मागणी समजणाऱ्या ट्रोलपच्या कथांतील तरुणीवरून ते घेतले आहे. नाव चटकदार आहे यात शंका नाही. परंतु पत्रांची संहिता या कथेला कितपत आधार देते, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम एका शब्दाचा विचार करू. २२ ऑक्टोबरच्या भाषणात केनेडी यांनी क्यूबाभोवतीच्या नाविक कारवाईस ‘ब्लॉकेड’ न म्हणता ‘क्वारंटाइन’ म्हटले. आंतरराष्ट्रीय कायद्यात ‘ब्लॉकेड’ हे युद्धकृत्य ठरते. ‘क्वारंटाइन’ या शब्दाला तशी कायदेशीर परंपरा नाही. शिवाय १९३७ साली शिकागो येथील भाषणात रूझवेल्ट यांनी आक्रमक राष्ट्रांच्या संदर्भात हाच शब्द योजिला होता. जहाजे तीच, तोफाही त्याच. बदलले ते केवळ अभिधान. परंतु या अभिधानामुळे प्रतिपक्षाला ‘आमच्यावर युद्ध लादले गेले’ असे न म्हणण्याची सवड राहिली. मराठीत या दोन्ही शब्दांसाठी ‘नाकेबंदी’ हा एकच शब्द सर्रास वापरला जातो, आणि तेथे मूळ भेद पुसला जातो. वास्तविक ज्या समाजाने प्लेगच्या काळापासून ‘क्वारंटीन’ हा शब्द अनुभवला आहे, त्याला तो तसाच ठेवून दिला असता तरी कळला असता.

आता मुख्य पत्रांकडे वळू. २६ ऑक्टोबरचे पत्र लांबलचक आहे. ज्या दोराला युद्धाची गाठ बसली आहे त्याची दोन टोके उभयतांनी ओढू नयेत, हे त्यातील रूपक पुढे फार प्रसिद्ध झाले. किंबहुना या रूपकाच्या आकर्षणामुळेच पत्रातील प्रस्तावाच्या शब्दांकडे दुर्लक्ष झाले असावे. प्रस्ताव पाहावा तर तो आश्चर्य वाटावे इतका संदिग्ध आहे. अमेरिकेने क्यूबावर आक्रमण न करण्याची हमी द्यावी, म्हणजे क्यूबात सोव्हिएत लष्करी तज्ज्ञांची आवश्यकता उरणार नाही, असे ख्रुश्चेव म्हणतात. तज्ज्ञांची, क्षेपणास्त्रांची नव्हे. शस्त्रांविषयी ते एवढेच सुचवितात की मग त्या प्रश्नाचे स्वरूप वेगळे दिसेल. क्षेपणास्त्रे परत नेण्याचे स्पष्ट वचन या पत्रात नाही.

ते वचन केनेडी यांच्या २७ ऑक्टोबरच्या उत्तरात आहे. ‘आपल्या प्रस्तावांचा मला समजलेला अर्थ असा’ या थाटाची प्रस्तावना करून ते दोन कलमे मांडतात : रशियाने ही शस्त्रे संयुक्त राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली क्यूबातून काढून न्यावीत, आणि अमेरिकेने क्वारंटाइन उठवून आक्रमण न करण्याची हमी द्यावी. म्हणजे उत्तर देणाऱ्यानेच मूळ प्रस्तावाचे लेखन पुरे केले. अर्थनिर्णय ही टीकाकाराची क्रिया आहे असे आपण मानतो. येथे ती राजनीतीची क्रिया झाली आहे. इतपत आख्यायिका खरी.

परंतु दुसऱ्या पत्राकडे काणाडोळा केला, हे मात्र खरे नव्हे. त्याच उत्तरात पुढे ख्रुश्चेव यांच्या जाहीर झालेल्या दुसऱ्या पत्राचा उल्लेख आहे, आणि हा तंटा मिटल्यास ‘इतर शस्त्रास्त्रां’विषयी अधिक व्यापक समझोत्याकडे वळता येईल, असे त्यात म्हटले आहे. तुर्कस्तानचे नाव नाही. पण दार बंदही केलेले नाही. ‘इतर शस्त्रास्त्रे’ या दोन शब्दांत काय सामावले होते, हे त्याच रात्री दुसऱ्या एका ठिकाणी तोंडी सांगितले जात होते.

त्याकडे वळण्यापूर्वी रशियन बाजूच्या एका शब्दप्रयोगाची दखल घेतली पाहिजे. २८ ऑक्टोबरच्या पत्रात ख्रुश्चेव ‘आपण ज्यांना आक्रमक म्हणता ती शस्त्रे’ उतरवून परत आणण्याचा आदेश दिल्याचे कळवितात. ‘आक्रमक शस्त्रे’ असे त्यांनी लिहिले असते, तर ती बचावासाठी होती या आपल्याच पूर्वीच्या म्हणण्याला त्यांनी छेद दिला असता. ‘आपण ज्यांना म्हणता’ या उपवाक्याने माघार घेता आली आणि कबुलीही टळली. हा प्रयोग २६ तारखेपासून त्यांच्या पत्रांत सातत्याने येतो, म्हणून तो सहज उतरलेला नव्हे. मात्र त्याची किंमत लगेच मोजावी लागली. शस्त्रे ‘आपण’ म्हणाल ती, तर नाव देण्याचा अधिकारही ‘आपला’! अमेरिकेने इल्यूशिन-२८ ही बाँबफेकी विमानेही त्याच सदरात घातली, आणि या अर्थविस्तारावर आणखी तीन आठवडे वाद चालला. विमाने नेण्याचे ख्रुश्चेव यांनी मान्य केल्यावरच २० नोव्हेंबर रोजी क्वारंटाइन उठविण्याची घोषणा झाली. दरम्यान क्यूबाने आपल्या भूमीवर तपासणी नाकारल्याने केनेडी यांच्या पत्रातील देखरेखीची अट पुरी झालीच नाही.

२७ ऑक्टोबरच्या रात्री रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत डोब्रिनिन यांना भेटून, तुर्कस्तानातील ज्युपिटर क्षेपणास्त्रे काही महिन्यांत काढली जातील, परंतु ही गोष्ट उघड होता कामा नये, असे सांगितले. ही १५ क्षेपणास्त्रे एप्रिल १९६३ पर्यंत खरोखर काढण्यात आली. ख्रुश्चेव यांनी या समजुतीची नोंद करणारे पत्र डोब्रिनिन यांच्या हस्ते २९ ऑक्टोबरला पाठविले, तेव्हा रॉबर्ट केनेडी यांनी दुसऱ्या दिवशी ते परत केले. वचन पाळले गेले. लिहिले मात्र गेले नाही.

येथे प्रश्न केवळ पाठभेदाचा राहत नाही. अणुयुद्धाच्या काठावर दोन्ही पक्षांनी काही दिले व काही घेतले. परंतु पुढच्या पिढीला कागदावर दिसला तो एकाचा ठामपणा व दुसऱ्याची शरणागती. उपराष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनाही या देवघेवीची माहिती देण्यात आली नव्हती, आणि पुढच्याच वर्षी ते राष्ट्राध्यक्ष झाले. ठामपणा पुरेसा ठरतो, असा गैरसमज या गुप्ततेमुळे सहकाऱ्यांत, मित्रराष्ट्रांत व उत्तराधिकाऱ्यांत पसरला, हे मॅकजॉर्ज बंडी यांनी १९८८ साली स्वतःच मान्य केले. केनेडी यांनी गुप्तपणे करविलेल्या बैठकींच्या ध्वनिमुद्रणांतूनही हेच दिसते की, तुर्कस्तानविषयीची मागणी बहुतेकांना वाजवी वाटेल याची जाणीव इतरांहून अधिक खुद्द राष्ट्राध्यक्षांनाच होती.

‘थर्टीन डेज’ची संहिताही निखळ नाही. तिचे संपादक थिओडोर सोरेन्सन यांनी १९८९ मध्ये मॉस्को येथील परिषदेत सांगितले की, मूळ दैनंदिनीत ज्युपिटरविषयीची देवघेव स्पष्ट होती व छापताना ती आपण गाळली. यापूर्वीही एकदा लेखणी अशीच फिरली होती. डोब्रिनिन यांच्या भेटीसंबंधी परराष्ट्रमंत्री रस्क यांच्यासाठी रॉबर्ट केनेडी यांनी जे टिपण तयार केले, त्यात चार-पाच महिन्यांची मुदत सांगणारे वाक्य आहे. त्यावर एक रेघ ओढलेली आहे, आणि रेघेखालची अक्षरे वाचता येतात.