रक्तातले आकडे आणि स्किझोफ्रेनिया : पुण्याचा एक अभ्यास कसा वाचावा

आज आपण एकच शोधनिबंध तपासायला घेतलाय. पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या साधना जोशी, अमेरिकेतले साहेबराव महाडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१० सालचा. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेले, पण अजून एकही गोळी न घेतलेले रुग्ण त्यांनी निवडले. निरोगी माणसांच्या तुलनेत या रुग्णांच्या रक्तात फोलिक अ‍ॅसिड, बी-१२ आणि डीएचए हे ओमेगा-३ कमी निघालं. होमोसिस्टीन आणि कॉर्टिसॉल जास्त.

होमोसिस्टीन म्हणजे प्रथिनांच्या वापरात मधल्या टप्प्यावर तयार होणारा पदार्थ. त्याचं पुन्हा मेथिओनिन करायला बी-१२ आणि फोलेट दोन्ही लागतात. एक जरी कमी पडलं, की तो साचत जातो.

गोळी न घेतलेले रुग्ण निवडले, हे या कामाचं मोठं बळ. ओलान्झापिन, क्लोझापिन सुरू झालं की भूक, वजन, साखर सगळंच वाढू शकतं. मग रक्तातलं आजाराचं काय नि औषधाचं काय, सांगणार कसं?

पण निबंधाच्या शीर्षकातच चयापचय बिघडल्याचा सूर लागलाय, तो आम्हाला घाईचा वाटतो. दवाखान्यात येण्याआधी माणूस कित्येक महिने आजारी असतो. जेवणात विष कालवलंय या संशयाने ताट सरकवतो, झोपत नाही, बिड्या ओढतो. त्या अवस्थेत एकदाच काढलेलं रक्त आधी काय घडलं ते सांगत नाही.

आणि कमी म्हणजे कुणापेक्षा कमी? चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचं रक्त तपासलं, तेव्हा साधारण दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी होतं. पालखीच्या वाटेवरच्या आपल्या माळशिरसात घरोघरी माळकरी. त्यांना बी-१२ मिळतं ते दूध-दह्यातूनच. इथे कुणाचंही रक्त काढा, आकडा खालीच येण्याची शक्यता बरीच. त्यावरून मनाचा आजार ओळखता येत नाही.

आपण ज्वारी खाणारी माणसं, म्हणून एक जुनी गोष्टही सांगायला हवी. १९६० च्या सुमारास हैदराबादला सी. गोपालन यांनी ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांतला पेलाग्रा अभ्यासला. त्यात कातडी काळवंडते, जुलाब होतात, डोकंही भ्रमतं. नायसिन दिलं की उतार पडतो. (भाकरीला दोष नाही हो, नुसत्या भाकरीला आहे.) कॅनडात हॉफर आणि ऑस्मंड यांनी त्याआधीच स्किझोफ्रेनियाला नायसिनचे मोठे डोस द्यायला सुरुवात केली होती. पुढच्या नीट आखलेल्या चाचण्यांत तो गुण दिसला नाही. लक्षणं मिळतीजुळती असली तरी आजार एकच असतो असं नाही.

हे इतकं ताणून सांगतोय, कारण ‘रक्त कमी आहे, इंजेक्शनं घ्या, डोक्याच्या गोळ्या बंद करा’ असं सांगणारे भेटतात, आणि गोळ्या सुटल्या की आजार उलटतो. बी-१२ कमी असेल तर ते जरूर भरून काढा, पण गोळ्या चालू ठेवून. नवी गोळी सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबी मोजून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. क्लोझापिन असेल तर पांढऱ्या पेशींची तपासणी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला. ती मात्र चुकवायची नाही.