जुळलं म्हणजे कळलं का?

शिरोली एमआयडीसीत वाढलेला मुलगा तेलसाठ्यांच्या मॉडेलवर पीएचडी का करतो, असं मित्र विचारतात. साच्यात ओतलेलं लोखंड आत कसं गोठतंय ते दिसत नाही, तसंच खडकातलं तेलही दिसत नाही. पण फाउंड्रीत शंका आली तर कास्टिंग कापून बघता येतं. बॉम्बे हायचा समुद्रतळाखालचा चुनखडक कसा कापणार? 1974 मध्ये सापडलेल्या या क्षेत्रातून 1976 पासून तेल निघतंय. पुढची विहीर कुठे खोदायची, हे ठरवताना मॉडेलचा आधार घ्यावाच लागतो.

हे मॉडेल तपासायची रूढ पद्धत म्हणजे हिस्टरी मॅचिंग. खडकाची पारगम्यता वगैरे आकडे बदलत राहायचे आणि मॉडेलमधलं उत्पादन जुन्या नोंदींशी जुळवायचं. हे काम झटपट करण्यावर ढीगभर पेपर आहेत. त्यांच्या आधी तावासोली, कार्टर आणि किंग यांचा 2004 चा 'एरर्स इन हिस्टरी मॅचिंग' वाचा.

त्यांनी मुद्दाम सोपं मॉडेल घेतलंय. चांगल्या आणि वाईट वाळूचे आलटून-पालटून सहा थर, मध्ये एक भ्रंश. अज्ञात गोष्टी तीनच: भ्रंशामुळे थर किती सरकले आणि दोन्ही वाळूंची पारगम्यता. खरं उत्तर आधीच माहीत. तरीही उत्पादनाशी सर्वांत छान जुळलेलं मॉडेल खऱ्या आकड्यांजवळ असेलच असं नाही! थर सरकले की कोणता थर कोणासमोर येतो तेच बदलतं, आणि चुकीच्या आकड्यांनीही जवळपास तेच उत्पादन मिळू शकतं.

माझी तक्रार अशी: तीनच अज्ञात असताना हजारो वेळा मॉडेल चालवणं परवडतं. खऱ्या क्षेत्रात ते परवडत नाही, आणि तिथे थरांचं मूळ चित्रच चुकलेलं असू शकतं. मोजक्या रनमध्ये काय करायचं, हे या पेपरातून कळत नाही. पण त्याचा इशारा त्यामुळे सौम्य होत नाही, उलट वाढतो.

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये एकच सुंदर जुळलेला आलेख होता. गाइड म्हणाले, "शेवटची दोन वर्षं झाकून परत चालव." चालवलं, आणि अंदाजाची रेषा भलतीकडेच गेली. तो आलेख मी काढून टाकला.

तेव्हा 'आमची पद्धत वेगवान' असं कुठे वाचलंत, तर आधी दोन गोष्टी शोधा: जुळणारी मॉडेलं किती दिलीत, आणि न दाखवलेल्या नोंदींवर ती कशी चालली?