‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ : एक अल्पजीवी रॉक वाद्यवृंद आणि मराठी समीक्षेचे मौन

प्रास्ताविक :
मराठी संगीतसमीक्षेत नाट्यसंगीत, भावगीत, चित्रपटगीत व लोकसंगीत यांचे विपुल विवेचन आढळते. १९७० च्या दशकातील मुंबईच्या रॉक वाद्यवृंदांची दखल मात्र तिने क्वचितच घेतली आहे. ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ एवढ्या एका शेऱ्यात हा विषय निकालात काढला जातो. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाच्या संदर्भात हा शेरा तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी :
इलेक्ट्रिक गिटारचा जाणीवपूर्वक फाटवलेला स्वर, प्रतिध्वनीचा मुक्त वापर आणि गीताची चौकट ओलांडून लांबत जाणारे वादन ही सायकेडेलिक रॉकची ठळक लक्षणे होत. १९६५ नंतर अमेरिका व इंग्लंडमध्ये रूढ झालेला हा प्रकार लवकरच भारतीय शहरांत पोहोचला. इम्पीरियल टोबॅको कंपनीने ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारार्थ भरविलेल्या स्पर्धांतून १९७० व १९७१ च्या ‘सिमला बीट’ ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९७२ मध्ये ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज व रॉबर्ट प्लांट यांनी कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये हजेरी लावून कला सादर केली. याच वातावरणात बास गिटारवादक कीथ कांगा यांचा ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ उभा राहिला. त्याचे गायक मधुकर चंद्र दास यांनी अलेक पदमसी यांच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ (१९७४) मध्ये येशूची भूमिका केली. ज्यूडास होते नंदू भेंडे.

विवेचन :
या वाद्यवृंदाच्या नावावर ‘ऑब्सेशन ७७’ ही एकच ध्वनिमुद्रिका आहे. तिच्यात इतरांच्या लोकप्रिय रचनांचे वादन बरेच आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि ती अखेरच्या टप्प्याची साक्ष होय. अनेक वर्षांच्या प्रत्यक्ष वादनाचा निवाडा एका ध्वनिमुद्रिकेवरून करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. आणि येथे तर ते शीत तळाचे आहे. दुसरीकडे, २०११ मध्ये अमेरिकेतील ‘नाऊ-अगेन’ कंपनीने हे संगीत पुन्हा प्रकाशित केल्यावर दुर्मिळता हाच गुण मानण्याची प्रवृत्ती संग्राहकांत दिसते. आपली उपेक्षा आणि त्यांचे कौतुक, दोहोंत प्रत्यक्ष ऐकणे बाजूलाच राहते.

नक्कल हा शेवट नसून पुष्कळदा उमेदवारी असते, याचे उत्तम उदाहरण भेंडे हेच आहेत. आत्माराम व आशा भेंडे यांचे हे पुत्र ‘वेल्व्हेट फॉग’सारख्या रॉक वाद्यवृंदातून घडले. पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) मध्ये त्यांनी अंकुशची भूमिका केली व संगीतातही वाटा उचलला. या नाटकाची चर्चा करताना आपण ब्रेख्त, पु. ल. देशपांडे व जब्बार पटेल यांच्याविषयी लिहितो. त्यातील रॉकचा स्वर कोठे तयार झाला, हे विचारीत नाही. ज्या परंपरेला आपण परकी म्हटले, तिने मराठी रंगभूमीला एक आवाज दिला, असे म्हणणे वावगे ठरू नये.

समारोप :
हा प्रश्न केवळ मुंबईचा किंवा गतकाळाचा नाही. पेण-रोहा परिसरातील बेंजो पार्ट्या गणपती विसर्जनात व हळदी-लग्नात कोळीगीते व चित्रपटगीते वाजवितात. मुले नोकरीधंद्याला लागली की कित्येक पार्ट्या मोडतात. त्यांनाही आपण ‘नक्कल’ किंवा ‘गोंगाट’ म्हणतो. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ची निदान एक तबकडी उरली, यांच्यापैकी बहुतेकांची तेवढीही उरणार नाही. महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी या वादकांच्या मुलाखती व वादन नोंदवून ठेवणे, हे आजच्या साधनांत सहज शक्य आहे. मूल्यमापन त्यानंतर करावे. जे ऐकलेच नाही, त्याला सामान्य ठरविण्याचा अधिकार समीक्षेला पोहोचत नाही.