लाल चौकोन आणि शेतकरी बाई

'शुद्ध' या शब्दाविषयी आमच्या मनात अढी आहे, आणि ती असणारच. या शब्दाने आम्हाला पाणवठ्यापासून दूर ठेवले, देवळाच्या पायरीखाली थांबवले. पुढे मराठी कलावाद्यांनी हाच शब्द साहित्याला लावला आणि आमच्या जगण्याचा उच्चार झाला की 'ही शुद्ध कला नव्हे' असा निकाल देऊन ते मोकळे झाले. त्यामुळे काझिमिर मालेविच या चित्रकाराचे 'शुद्ध' आकार आणि 'शुद्ध' रंग यांविषयी प्रथम वाचले तेव्हा, हाही त्यांच्यातलाच, असे म्हणून मी पुस्तक मिटले होते. वर्गात एका विद्यार्थ्याने त्याच्या लाल चौकोनावर बोट ठेवून विचारले, "सर, यात माणूस कुठे आहे?" तेव्हा ते पुन्हा उघडावे लागले.

डिसेंबर 1915 मध्ये, महायुद्ध चालू असताना, पेत्रोग्राद येथे '0,10' नावाचे प्रदर्शन भरले. मालेविचची 39 चित्रे त्यात होती. त्यातला 'काळा चौकोन' त्याने इतर चित्रांच्या ओळीत लावला नाही; दोन भिंती जिथे मिळतात तिथे, छताजवळ, कोपऱ्यात टांगला. रशियन घरात ही जागा देवाच्या तसबिरीची. घरात येणारा माणूस आधी त्या कोपऱ्याकडे पाहून हात जोडावेत तसा छातीवर क्रूस काढी. त्या जागी याने काळा रंग आणून बसवला. धर्मनिष्ठांना तो अपमान वाटला यात नवल नाही.

या कृतीचे मोल मला नाकारायचे नाही. दरबारी अकादमीच्या कलेत विषयांची उतरंड होती. देवादिकांची आणि इतिहासाची चित्रे वर. घरगुती प्रसंग, निसर्ग, फळेफुले खाली. चौकोनाला कूळ नाही, त्याला उतरंडीत कुठे बसवणार? मालेविचचा 'शुद्ध' हा शब्द विटाळाच्या भाषेतला नाही, तो नकाराच्या भाषेतला आहे, एवढे मला मान्य करावे लागले. शिवाय ते चित्र पाहा. चौकोनाच्या बाजू काटेकोर समांतर नाहीत, काळ्या रंगाला भेगा पडल्या आहेत आणि भेगांतून खालचे जुने रंग डोकावतात. सोवळे पाळणाऱ्याचे हे काम नव्हे.

तरीही प्रश्न उरतोच. चेहरा, घर, वस्तू हे सारे चित्रातून पुसून टाकणे ज्याला परवडते, त्याचा हा विद्रोह आहे. ज्यांचा चेहरा चित्रात कधी आलाच नाही त्यांनी काय पुसायचे?

आता तो लाल चौकोन. त्याच प्रदर्शनात तो होता. पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकच लाल आकार, एक कोपरा किंचित ओढल्यासारखा. नाव मात्र असे: 'शेतकरी बाईचा दोन मितींतील चित्रीय वास्तववाद'. पुष्कळ समीक्षक या नावाला चित्रकाराचा खट्याळपणा समजून पुढे जातात. मला ते पटत नाही. मालेविचचे वडील साखर कारखान्यांत नोकरीला होते, त्याचे बालपण युक्रेनच्या खेड्यांत गेले. शेतकरी बायका घराच्या भिंती रंगवीत, चुली सजवीत, कापडावर भरतकाम करीत. चित्रकलेची पहिली ओळख आपल्याला त्यांच्याकडून झाली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे ही बाई चित्राचा विषय नाही, गुरू आहे. सरंजामी चित्रकाराने तिला गोंडस केले असते, दयाळू चित्रकाराने केविलवाणी. याने दोन्ही टाळले आणि फक्त तिचा रंग ठेवला.

इथेच थांबलो असतो तर मीही कलावादीच ठरलो असतो. पण एक तारीख आडवी येते. पेत्रोग्रादच्या आधी, नोव्हेंबर 1915 मध्ये, मॉस्कोत आधुनिक हस्तकलेचे एक प्रदर्शन भरले होते. मालेविचचे हे नवे आकार लोकांसमोर प्रथम आले ते तिथे, आणि आले ते कापडावर! दोन रुमाल आणि एक उशीचा अभ्रा. त्या प्रदर्शनातले कापडकाम युक्रेनमधील वेर्बोव्का गावच्या शेतकरी बायकांनी भरलेले होते. तिथला कारखाना नताल्या दाव्हिदोव्हा ही जमीनदार घराण्यातली बाई चालवीत असे. शेतकरी 1861 पर्यंत जमीनदाराच्या मालकीचे होते. या बायकांच्या आज्या त्याच दास्यात वाढल्या. जगाच्या कलेतील 'शुद्ध' आकार जन्मला तो असा, मजुरीच्या सुईतून. टाका किती घट्ट घ्यायचा, सरळ रेषा कापडाच्या विणीवर कशी धरायची, हे त्या बोटांना ठाऊक होते.

हे सारे मी वर्गात सांगितले. विद्यार्थी थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्या बायकांची नावं काय, सर?" मी पुस्तकाच्या शेवटची सूची काढली. मालेविच सापडला, दाव्हिदोव्हा सापडली. वेर्बोव्का सापडले, पण ते गावाचे नाव.