जळका कागद आणि शिल्पदृष्टी

शिल्पकाराची रेखने म्हणजे भावी शिल्पाची टाचणे, असे मानण्याची प्रथा कलासमीक्षेत रूढ आहे. रेषा चाकर आणि दगड किंवा ब्राँझ धनी, असे हे नाते कल्पिले जाते. हिम्मत शाह (१९३३-२०२५) यांचे कागदावरील काम या समजुतीला छेद देते.

लोथलचे शाह मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १९५६ साली बडोद्यास गेले आणि ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली चित्रकार म्हणून घडले. १९६३ च्या ऑक्टोबरात 'ग्रुप १८९०' चे एकमेव प्रदर्शन दिल्लीत भरले. त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. प्रस्तावना कवी ऑक्टाव्हिओ पाझ यांची होती. अकोल्याचे अंबादास, जेराम पटेल, स्वामीनाथन यांच्या कलाकृतींच्या शेजारी शाहांनी मांडले, ते जाळलेल्या कागदांचे कोलाज. ज्या मातीच्या मस्तकांमुळे ते शिल्पकार म्हणून ख्यातनाम झाले, ती पुष्कळ नंतरची. कागद आधी आला, शिल्प मागाहून. टाचणाची उपपत्ती कालक्रमावरच कोसळते.

मात्र खरा प्रश्न कालक्रमाचा नसून दृष्टीचा आहे. चित्रकार कागदावर भर घालतो. शाह त्यातून काही काढून घेतात. जळून पडलेले छिद्र खोलीचा आभास निर्माण करीत नाही. ते खरोखरच खोल असते. करपलेली कड ही कोणी ओढलेली रेषा नव्हे, तर द्रव्य जेथे संपले तेथील सीमा होय; आणि शिल्पातील रेषा याहून वेगळी काय असते? मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलावयाचे तर काजळी आणि कोरा कागद यांची विरोधलय येथे बोटांनाही जाणवावी अशी आहे.

बस्तरचा घडवा कारागीर मातीच्या गाभ्यावर मेणाची दोरी गुंडाळतो; आच लागताच मेण वितळते आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातू आकार घेतो. तेथे अग्नी रेषा पुसतो, ती तिला घनत्व देण्यासाठी. शाहांच्या कागदात पोकळी हीच अखेरची वस्तू. तिच्यात ओतावयास धातू नाही.

याच ठिकाणी या कामाची मर्यादाही दिसते. आग कलावंताच्या आज्ञेत अर्धवटच असते. छिद्रांची मांडणी जेथे केवळ योगायोगावर सोपविली जाते, तेथे कागद जळलेला दिसतो, घडलेला नव्हे. पुढे अहमदाबादच्या सेंट झेवियर्स शाळेच्या भिंतींवर (१९६७-७१) विटा व सिमेंट यांतून, आणि नंतर दिल्लीच्या गढी स्टुडिओत भाजलेल्या मातीतून, त्यांनी हा योगायोग काबूत आणला. मस्तकांवरील चरे आणि भेगा पाहताना कागदाची ती करपलेली कड आठवल्यावाचून राहत नाही. कागदाने जे शिकविले, ते शिल्पाने पुढे गिरविले.