डोकेदुखीवर मेंदूतील तार : लेखात न आलेला भाग

निर्मळच्या कार्तिकी जत्रेत आम्ही सुकेळी घेत होतो, तेव्हा तिथल्या एका शिक्षकस्नेह्यांनी खिशातून एक कात्रण काढले. मेंदूत तार बसवली की हट्टी डोकेदुखी कायमची जाते, असा त्या लेखाचा आशय. त्यांच्या भावाला ‘क्लस्टर’ डोकेदुखी आहे. लेख वाचून घरात शस्त्रक्रियेसाठी वाडी विकण्याची बोलणी सुरू झाली होती. म्हणून तो लेख आम्ही तिथेच बारकाईने वाचला.

रोगाचे वर्णन चोख आहे. ही अर्धशिशी नव्हे. एका डोळ्यामागे असह्य कळ येते, ती पाव तास ते तीन तास टिकते. डोळा लाल होऊन पाझरतो; रुग्ण पडून राहत नाही, येरझारा घालतो. हल्ले बहुधा ठरलेल्या वेळी येतात, म्हणून शरीराचे घड्याळ सांभाळणाऱ्या हायपोथॅलॅमसवर संशय होताच. 1998 मध्ये लंडनच्या संशोधकांना हल्ल्याच्या वेळी तो भाग उद्दीपित झालेला दिसला. तिथे विद्युताग्र बसवून मिलानच्या डॉक्टरांनी पहिल्या रुग्णाला आलेला गुण 2001 मध्ये प्रसिद्ध केला. जोडीला लेखक सांगतात की मुंबईत जसलोक रुग्णालयात हे तंत्र कंपवातासाठी वापरले गेले आहे. खरे आहे, पण कंपवातातले यश डोकेदुखीच्या खाती मांडणे म्हणजे भूगोलाचे गुण गणिताच्या पेपरावर चढवणे होय.

लेख 2001 पाशी थांबतो, आणि आमची तक्रार तिथूनच सुरू होते. 2005 मध्ये बेल्जियमच्या डॉक्टरांनी आपला एक रुग्ण विद्युताग्र बसवताना झालेल्या मेंदूतील रक्तस्रावाने दगावल्याचे कळवले. 2010 मध्ये फ्रान्समधील चाचणी प्रसिद्ध झाली. 11 रुग्णांचे यंत्र एक महिना चालू आणि एक महिना बंद ठेवले. कोणता महिना कोणता, हे ना रुग्णाला ठाऊक, ना त्याला तपासणाऱ्याला. दोन महिन्यांतील हल्ल्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुढे यंत्र उघडपणे चालू ठेवल्यावर मात्र 11 पैकी 6 जणांचे हल्ले निम्म्याहून कमी झाले. महिना अपुरा होता, असे समर्थक म्हणतात. हा आक्षेप पोकळ नाही, कारण गुण यायला कित्येक आठवडे लागतात असे आधीच दिसले होते. पण उघड टप्प्यात तुलनेला कोणीच नव्हते, आणि हा रोग आपणहूनही चढतो-उतरतो. काहींना गुण येत असावा, तो तारेमुळेच येतो हे सिद्ध झालेले नाही, इतकेच प्रामाणिकपणे म्हणता येते.

खरी खटकणारी गोष्ट वेगळीच. करोनानंतर ऑक्सिजनचे सिलिंडर कोणाला नवे नाही. 2009 च्या एका चाचणीत मुखवट्यातून मिनिटाला 12 लिटर शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर 78 टक्के हल्ले पाव तासात थांबले वा पुरेसे सौम्य झाले. साध्या हवेने 20 टक्के. सुमाट्रिप्टानचे इंजेक्शन आणि हल्ले टाळण्यासाठी वेरापामिल ही औषधेही आहेत. कवटी उघडण्याआधीच्या या पायऱ्यांवर लेखात एक ओळ नाही.

भावाने हल्ल्यात ऑक्सिजन कधी घेऊन पाहिला का, असे आम्ही स्नेह्यांना विचारले.

“नाही हो,” ते म्हणाले, “तो मिळतो हेच कुणी सांगितलं नाही.”