परिचित अवकाशाचे अपरिचित रूप : अतिवास्तववाद आणि सुधीर पटवर्धनांचे महानगर

आंद्रे ब्रेताँ यांनी १९२४ मध्ये अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा प्रसिद्ध केला. तेव्हापासून या संज्ञेचे स्वप्न व नेणीव यांच्याशी समीकरण रूढ झाले. परिणामी वास्तवाचे नियम मोडणारे कोणतेही चित्र या नावाखाली घालण्याचा मोह अध्यापनात होतो. ही संज्ञा सुधीर पटवर्धन यांच्या महानगरीय चित्रांना कितपत लागू पडते, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

अतिवास्तववादी चित्राचे बळ केवळ अद्भुत वस्तूंत नसते. ते परिचित जागेतही असते. रने माग्रित यांच्या ‘गुप्त खेळाडू’ (१९२७) या चित्रात शुभ्र वेशातील दोन पुरुष क्रिकेटसारखा खेळ खेळताना दिसतात. भोवती कठड्याच्या खांबांसारखे प्रचंड स्तंभ असून त्यांना फांद्या फुटल्या आहेत. वर कासव तरंगते आहे. खेळाडूंना मात्र त्याचे नवल नाही. या चळवळीचे पूर्वसुरी ज्योर्जो दे किरिको यांच्या ‘रस्त्याचे गूढ आणि विषण्णता’ (१९१४) मध्ये चाक फिरवीत खेळणारी मुलगी आहे. तेथे अद्भुत असे काही नाही; दोन्ही बाजूंच्या कमानींच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत, एवढेच. तेवढ्याने रस्ता भयप्रद होतो.

पटवर्धन (जन्म १९४९, पुणे) यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून दीर्घकाळ काम केले. १९८२ च्या संपानंतर पालटत गेलेला गिरणगाव त्यांच्या ‘लोअर परळ’ (२००१) या चित्राचा विषय होय. त्यांच्या अशा नगरचित्रांत अनेक दृष्टिस्थाने एकत्र येतात; एका जागी उभे राहून दिसावे असे ते दृश्य नसते. म्हणजे साधन किरिकोंच्या जवळचे, प्रयोजन मात्र विरुद्ध. किरिको चौक रिकामा करतात, पटवर्धन तो माणसांनी भरतात. एकाचा रस्ता स्वप्नातला, तर दुसऱ्याचा रोज पायाखालचा.

म्हणूनच या चित्रांना अतिवास्तववादी म्हणणे सोयीचे असले तरी अन्यायकारक ठरेल. गिरणी कामगाराचे उखडले जाणे हे स्वप्न नव्हते. तथापि एक मर्यादाही नोंदवावी लागते. अनेक दृष्टिस्थाने कुशलतेने सांधली गेल्यामुळे जे प्रत्यक्षात तुटले, ते चित्रात कधीकधी जुळलेले भासते. किरिकोंची न मिटणारी फट येथे बुजते. वास्तववादी चित्रकाराने अतिवास्तववादाकडून काही घ्यायचे असेल, तर ती ही फट होय.